दहिसरच्या खाडीत आपल्या मुलांचे शीड

मुंबईला सात बेटांची नगरी म्हणतात. आपले दहिसर त्या सात बेटांत येत नाही. ते साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला, महानगरपालिकेच्या हद्दीवर वसलेले आहे. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पश्चिमेला खाडी आणि मधून वाहणारी नदी. इतके पाणी भोवती असूनही येथील मुलांना पाण्याची ओळख नाही. पाणी म्हटले की त्यांना दोनच गोष्टी आठवतात. एक, नळावरची रांग आणि दुसरी, पावसाळ्यात घरात शिरणारे पाणी.

दहिसर नदी तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावते आणि सुमारे बारा किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. मिठी, ओशिवरा, पोयसर आणि दहिसर या मुंबईच्या चार नद्या. जंगलात ती स्वच्छ असते. वस्तीत आली की तिचा नाला होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरात या नदीने काठच्या वस्त्यांचे काय केले, हे दहिसरकरांना सांगायला नको. त्यानंतर भिंती उभ्या राहिल्या, पात्र रुंद झाले. पण भिंत उंच झाली तसा माणूस नदीपासून आणखी लांब गेला. पाण्याला पाठ करून बसण्याची आपल्याला सवय लागली.

वाचकहो, ही पाठ फिरवून पाण्याकडे तोंड कसे करावे, याविषयी चार शब्द लिहायचे आहेत. त्यासाठी आधी आपल्याच परिसरातून एक फेरफटका मारू.

मेट्रोच्या मार्गावरचा जुना समुद्र

एप्रिल २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली आणि आपल्या भागातील गावांची जुनी नावे स्थानकांच्या पाट्यांवर झळकू लागली. दहिसर पूर्वेहून निघाले की आनंद नगर, कांदरपाडा, मंडपेश्वर, एकसर, मग बोरिवली पश्चिम. उंचावरून धावणाऱ्या गाडीत पश्चिमेच्या बाजूला बसावे. इमारतींच्या फटीतून तिवरांचा हिरवा पट्टा दिसतो. त्यापलीकडे खाडी आहे.

एकसरला उतरून जरूर पाहावेत असे तेथले वीरगळ. युद्धात पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभे केलेले हे दगड. गावोगावच्या वीरगळांवर घोडे, ढाली, तलवारी दिसतात. एकसरच्या दगडांवर मात्र चक्क जहाजे कोरलेली आहेत! वल्ह्यांच्या ओळीच्या ओळी, एकामागे एक रांगेने निघालेल्या नौका आणि पाण्यावर चाललेली लढाई. अभ्यासकांनी हे शिल्प तेराव्या शतकातील शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यातील नौकायुद्धाशी जोडले आहे. म्हणजे आपण जेथे भाजी घेतो, रिक्षाची वाट पाहतो, तेथील माणसे साडेसातशे वर्षांपूर्वी जहाजे हाकत होती.

उत्तरेला सोपारा, पूर्वेला कल्याण. पहिल्या शतकातील ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात या दोन्ही बंदरांची नावे आहेत. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत सोपारा-कल्याणचे व्यापारी होते, हे तेथील शिलालेखच सांगतात. आपल्या परिसराचा इतिहास असा खाऱ्या पाण्याने भिजलेला आहे.

बोरिवलीहून रिक्षाने गोराई जेट्टीवर यावे. आपल्यापैकी बहुतेकांनी ही वाट तुडवलेली आहे. २००९ साली विपश्यना पॅगोडाचे उद्घाटन झाले, तेव्हापासून दर सुट्टीला कुटुंबेच्या कुटुंबे येथून लाँचने पलीकडे जातात. पाच-दहा मिनिटांचा प्रवास. मुले कठड्याला चिकटून उभी राहतात, बायका पदर सावरतात आणि लाँच लागली की सारे उतरून चालू लागतात. आमच्या अभ्यासिकेतील मुलांना येथे आणले असता त्यांना विचारले, “पोहता कोणाकोणाला येते?” मोजकेच हात वर झाले, तेही गावाकडच्या विहिरीत शिकलेल्यांचे. “शिडाची होडी कोणी पाहिली आहे?” उत्तर आले, “सिनेमात.”

नाव चालवण्याचे शिक्षण कोणाला?

मुंबईत शिडाची नाव चालवायला शिकवणारी ठिकाणे आहेत. पण ती बहुतेक दक्षिण टोकाला, कुलाबा, गेटवे आणि गिरगाव चौपाटीच्या परिसरात. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा. १९८२ च्या आशियाई स्पर्धेतील नौकाशर्यती मुंबईच्याच समुद्रात झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने सुवर्णपदक मिळवले. परंपरा मोठी आहे, यात शंका नाही. पण दहिसरच्या चाळीतील मुलाने रविवारी पहाटे लोकलने चर्चगेट गाठावे, फी भरावी, आणि तेही आईबापांची समजूत घालून! असे किती मुलांना जमणार?

पाण्यावर आपला हक्क किती, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर तो जगासमोर मांडला गेला. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी नद्यांकडे पूर, वीज, सिंचन आणि जलवाहतूक अशा चारही बाजूंनी पाहिले. १९४५ साली स्थापन झालेल्या केंद्रीय आयोगाच्या नावातच जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन हे तिन्ही शब्द होते. पाणी पिण्याचा हक्क मिळवला. त्या पाण्यावर वावरण्याचे ज्ञान मिळवणे ही पुढची पायरी आहे.

हे ज्ञान श्रीमंतांचेच असते, असेही नाही. हैदराबादच्या हुसेनसागरात बुद्धांची भव्य मूर्ती १९९२ साली उभी राहिली, ती आपल्याला ठाऊक आहे. त्याच तलावावर सुहेम शेख यांच्या यॉट क्लब ऑफ हैदराबादने गरीब वस्त्यांतील मुलामुलींना शिडाच्या नावा चालवायला शिकवले. रसूलपुऱ्याच्या शाळेतील प्रीती कोंगारा तेथूनच तयार होऊन २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतातर्फे उतरली. त्याच स्पर्धेत रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर ही मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याच्या खेड्यातील शेतकऱ्याची मुलगी, भोपाळच्या तलावावर शिकलेली. ज्या राज्याला समुद्रच नाही, तेथील मुलगी पदक आणते. मग सातशे किलोमीटरहून लांब किनारा असलेल्या महाराष्ट्राने काय करावे?

कोणती नाव निवडावी?

कामाची सुरुवात नाव निवडण्यापासून होते, आणि येथेच बहुतेक मंडळी चुकीचा हिशेब मांडतात. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, तेव्हा आधी आकडेमोड करू.

जगभर मुलांना ‘ऑप्टिमिस्ट’ नावाच्या छोट्या होडीवर शिकवतात. लांबी सव्वादोन मीटरच्या आसपास, वजन ३५ किलो, एका मुलासाठी एक होडी. तिचा जन्म मोठा बोधप्रद आहे. १९४७ साली अमेरिकेतील फ्लोरिडात क्लार्क मिल्स या कारागिराने प्लायवूडच्या आठ-बाय-चार फुटी तक्त्यांतून बसेल आणि ५० डॉलरच्या आत होईल, अशी होडी बेतली. गावातील मुलांचे आईबाप ती घरच्या आवारात बांधत. पुढे १९६३ साली इंग्लंडमध्ये ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने ‘मिरर’ नावाची होडी काढली. तिचे सुटे भाग खोक्यात मिळत आणि घरच्या घरी जोडता येत. अशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या. दोन्हींचे तत्त्व एकच. जी नाव सामान्य माणसाला बांधता येते, तीच सामान्य माणसाच्या मुलाला मिळते.

पण बारा मुलांना ऑप्टिमिस्टवर शिकवायचे तर बारा होड्या हव्यात, आणि सगळ्यांवर लक्ष ठेवणारी इंजिनची बोट वेगळीच. त्याऐवजी चौदा-पंधरा फुटांची जुळी नाव घ्या. तिच्यावर एक शिक्षक आणि तीन मुले बसू शकतात. बारा मुलांना चार नावा पुरतात. पाळ्या केल्या तर दोनांतही भागते. शिवाय घाबरलेल्या मुलाशेजारी कोणीतरी जाणते बसलेले असते, हा लाभ वेगळाच.

जुळी नाव म्हणजे कॅटामरान. दोन अरुंद नावा समांतर ठेवायच्या, मधे आडव्या दांड्या बांधायच्या, त्यावर जाळी किंवा जाड कापड ताणायचे आणि डोलकाठी उभी करायची. हा शब्द आपल्याच देशातला. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड. कोळी बांधव ओंडके दोरीने बांधून त्यावर समुद्रात जात. त्या तराफ्याचे नाव इंग्रजांनी उचलले आणि दोन धडांच्या नावेला दिले. आपल्या कोकणातही रत्नागिरी-मालवणकडे होडीच्या एका बाजूला लाकडाचा लांब ओंडका दांड्यांनी जोडतात. त्याला उलांडी म्हणतात. उलांडीमुळे अरुंद होडीही कलंडत नाही. जुळी नाव ही त्याच युक्तीची बहीण आहे.

पाश्चात्त्यांना ही युक्ती उशिरा पटली. १८७६ साली न्यूयॉर्कच्या शर्यतीत नॅथनिएल हेरेशॉफ यांच्या ‘अमॅरिलिस’ या जुळ्या नावेने इतरांना असे मागे टाकले की पुढे अशा नावांना शर्यतीतूनच बाद केले गेले! जिंकला म्हणून नियम बदलायचा, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. १९५५-५६ मध्ये जेम्स व्हॅरम या इंग्रजाने साडेतेवीस फुटांच्या, स्वतःच्या हाताने बांधलेल्या जुळ्या नावेतून दोन स्त्री-सहकाऱ्यांसह अटलांटिक महासागर ओलांडला. पुढे आयुष्यभर त्यांनी सामान्य माणसांना बांधता येतील अशा नावांचे आराखडे दिले. दांड्या बोल्टने आवळण्याऐवजी दोरीने बांधायच्या, म्हणजे लाटेवर नाव लवते, मोडत नाही. दोरीची ती गाठ म्हणजे पुन्हा आपला कट्टुमरमच!

खाडीला मानवणारी नाव

गोराईच्या खाडीत भरती-ओहोटीचा मोठा फरक पडतो. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी पाच मीटरपर्यंत चढते-उतरते. ओहोटीला चिखल उघडा पडतो. खोल तळाची नाव अशा वेळी कलंडून पडते. जुळी नाव मात्र दोन पायांवर बसल्यासारखी सरळ बसते. गुडघाभर पाण्यातही ती तरते, आणि सुकाणू वर उचलता येईल असे केले की चिखलात अडकत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरतोडीला मनाई केली आणि २०१८ च्या निकालात ती पक्की केली. ते योग्यच झाले. पूर आणि उधाण अडवणारी तिवरे तोडून मुलांसाठी धक्का बांधा, असे कोणी म्हणू नये. हलकी जुळी नाव सुटी करता येते. चार मुले मिळून एक धड उचलतात, दोघे दांड्या घेतात, एक जण शीड गुंडाळतो. आहे त्या जेट्टीजवळ जोडायची, काम झाले की सोडायची, आणि गल्लीत भिंतीला टेकून ठेवायची.

तिसरी गोष्ट बांधणीची. परदेशी बनावटीची ‘होबी’ ही जुळी नाव उत्तम आहे. सुमारे पाच मीटर लांब, १४५ किलो वजनाची. पण तिचा एक भाग तुटला की तो बाहेरून मागवा, जकात भरा, महिनोन्महिने वाट पाहा. तोवर नाव धूळ खात पडते. मंडळाच्या जमाखर्चात खरेदीचा आकडा एकदाच येतो, दुरुस्तीचा दरवर्षी! आपल्याकडे गोराई, मनोरी, उत्तन, वेसावे येथे होड्या बांधणारे आणि फायबरचे काम जाणणारे हात आहेत. वस्तीत सुतार आहेत, वेल्डर आहेत, ताडपत्री शिवणारे आहेत. पहिले शीड ताडपत्रीचे चालेल, पहिली डोलकाठी बांबूची चालेल. मोडले तर संध्याकाळी दुरुस्त, सकाळी पाण्यात!

स्थानिक कारागिरांवर विश्वास ठेवावा का, अशी शंका येईल. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असे करणारे ते पहिले भारतीय. तेथेच बांधलेल्या ‘तारिणी’तून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये जगाची फेरी पूर्ण केली. मांडवीच्या पात्रात बांधलेली नाव जग फिरते, तर मनोरीत बांधलेली नाव खाडी फिरणार नाही काय?

दोष आणि धोके

दोष सांगितल्याशिवाय जमाखर्च पुरा होत नाही. वाऱ्याच्या थेट तोंडावर कोणतीच शिडाची नाव जात नाही. तिला नागमोडी जावे लागते. असे वळताना जुळी नाव आळस करते, मधेच अडकून उभी राहते. मुलांना तिची मनधरणी शिकावी लागते. एकट्या मुलाने एकटी होडी चालवण्यात जी जबाबदारी अंगी येते, ती येथे वाटली जाते. म्हणून आठवड्याला प्रत्येकाला एक पाळी तरी संपूर्ण सुकाणूची मिळावी. सर्वांत मोठा दोष म्हणजे जुळी नाव सहसा उलटत नाही, पण उलटली तर पूर्ण पालथी होते आणि सरळ करणे कठीण जाते. त्यासाठी शीड लहान ठेवावे, डोलकाठीच्या टोकाला हवाबंद डबा बसवावा आणि पालथी नाव सरळ करण्याचा सराव पहिल्याच आठवड्यात उथळ पाण्यात घ्यावा.

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. अनेक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून अनेकांचे प्राण गेले. या बातम्या वाचून आई म्हणणार, “माझे लेकरू पाण्याजवळ नको.” तिचे चुकत नाही. पण पाणी आपल्या दारात आहे. न शिकलेले मूल पाण्याजवळ जातच नाही काय? जाते, आणि न शिकता जाते, हाच खरा धोका आहे.

म्हणून काही नियम दगडावरची रेघ समजावेत. पोहणे आल्याशिवाय नावेत पाऊल नाही. मापाचे लाइफ जॅकेट बांधल्याशिवाय जेट्टी सोडायची नाही. क्षमतेपेक्षा एक मूलही जास्त नाही. जून ते सप्टेंबर नावा घरी. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची परवानगी आणि विमा आधी, उद्घाटनाचा नारळ नंतर. लाँचच्या वर्दळीपासून दूरची वेळ आणि जागा निवडावी. सुरुवात नेहमी भरतीच्या पाण्यात करावी, म्हणजे भरकटलेली नाव समुद्राकडे न जाता आत खाडीकडे येते. आणि खाडीच्या पाण्यात सांडपाणी मिसळते, हे विसरू नये. अंगावर जखम असलेल्या मुलाला त्या दिवशी पाण्यात उतरवू नये, परतल्यावर गोड्या पाण्याने अंघोळ सक्तीची.

गुरू कोण? तोही जवळच आहे. गोराई-मनोरीच्या कोळीवाड्यातील वयस्क तांडेल. इंजिने येण्यापूर्वी शिडावर वाढलेली ती पिढी आता थकत चालली आहे. भूगोलाच्या पुस्तकात मुले खारे वारे आणि मतलई वारे पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. तांडेल नुसते गालाला वारे लावून सांगतो की आता दुपार झाली, समुद्रावरून वारा फिरणार. ही विद्या कोळी बांधवांची आहे. ती मानाने, मानधन देऊन, त्यांच्या पायाशी बसून घ्यावी. त्यातून दोन वस्त्यांची सोयरीक जुळेल, हा लाभ हिशेबाच्या वहीत मांडता येणार नाही.

यातून प्रत्येक मूल नौदलात किंवा व्यापारी जहाजावर जाईल, असे नाही. काही जातील, त्यांचे भले होईल. बाकीच्यांना काय मिळेल? वारा आपल्या हाती नसतो, पण शीड आणि सुकाणू आपल्या हाती असते, हे ते अंगाने शिकतील. आपण स्वतः रंधा मारलेली, गाठी मारलेली नाव पाण्यावर चालताना पाहतील. आणि ज्या पाण्यात आपण बसतो, त्यात कचरा टाकताना एकदा तरी हात आखडेल. नदी सुधारण्याची भाषणे आपण पुष्कळ ऐकली. खाडीत उतरलेली पन्नास मुले जे काम करतील, ते पन्नास भाषणांनी होणार नाही.

दहिसर, बोरिवली, मीरा रोडच्या मंडळांनी, महिला मंडळांनी आणि अभ्यासिकांनी याचा विचार करावा. क्रिकेटचे सामने भरवतो तसे एका वर्षी जरा वेगळे करून पाहू. पहिल्या वर्षी नुसते पोहणे. दुसऱ्या वर्षी एक नाव, सुतारांच्या आणि मुलांच्या हातांनी बांधलेली. एक नाव पाण्यात उतरली की दुसरीची वर्गणी मागायला तोंड उघडावे लागणार नाही.